छोट्या गाडीचं अ‍ॅव्हरेज का घटलं, ते शोधायचं कसं

माझी गाडी हजार सीसीची, पेट्रोलवरची, २०१६ सालची. घर बीडला आणि शाळा गेवराई तालुक्यात, त्यामुळे रोजचं जाणं-येणं ४४ किलोमीटर. महिन्यातून एखाद-दुसरी फेरी संभाजीनगरची होते. सगळं धरून महिन्याला तेराशे किलोमीटर तरी पडतात. २०२१ साली हीच गाडी याच रस्त्यावर लिटरला १८.६ द्यायची. मधे एक वर्ष असं आलं की ती १५.२ वर आली. फरक साडेतीनपेक्षाही कमी म्हणून आधी दुर्लक्ष केलं. एका रविवारी हिशोब मांडला तेव्हा कळलं की महिन्याला पंधरा लिटर पेट्रोल जास्त जातंय. पेट्रोल शंभरीच्या वर असताना पगारदार माणसाच्या घरात हे पैसे जाणवतात.

मग सगळे करतात तेच मीही केलं. गॅरेजला गेलो, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. पैसे गेले आणि अ‍ॅव्हरेज होतं तिथेच राहिलं. खरं कारण नंतर सापडलं. एक नव्हे, दोन कारणं होती, आणि दोन्ही मी बदललेल्या भागांत नव्हतीच. ती शोधताना जो क्रम हाताशी आला तो इथे लिहितो. आपल्याकडे बहुतेकांची गाडी सहा-आठ वर्षं जुनी असते, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा ओळखीच्या मिस्त्रीकडे जास्त जाते आणि मराठवाड्याच्या उन्हात-धुळीत चालते. अशा गाडीला हा क्रम उपयोगी पडेल.

आधी मोजमाप

आमच्या स्टाफरूममध्ये अ‍ॅव्हरेज काढायची पद्धत अशी: पाचशेचं पेट्रोल टाकायचं आणि काटा पुन्हा तिथेच आला की किलोमीटर बघायचे. यातून काहीच कळत नाही. काटा सगळीकडे सारख्या गतीने उतरत नाही. अर्ध्याच्या वर रेंगाळतो आणि खाली भराभर येतो. गाडी थोडी कलती उभी असली तरी वेगळं दाखवतो.

टाकी फुल करून मोजणं हाच भरवशाचा मार्ग. पंपावर टाकी फुल करायला सांगा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबवा आणि ट्रिप मीटर शून्य करा. पंपावरचा मुलगा रक्कम पूर्ण आकड्यात आणण्यासाठी आणखी थोडं ओततो, ते करू देऊ नका. गळ्यापर्यंत भरल्याने हिशोब बिघडतोच, शिवाय टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डबीत पेट्रोल शिरलं तर नवाच खर्च उभा राहतो. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर, एवढंच गणित.

पण एका टाकीवर निकाल देऊ नका. कट कधी आधी बसतो, कधी उशिरा, आणि त्यात लिटरभराचा फरक सहज पडतो. तुम्ही दहाच लिटर भरलं असेल तर तो एक लिटर म्हणजे दहा टक्क्यांची चूक झाली. पाच टाक्यांची बेरीज केली की तोच लिटर शंभर-सव्वाशे लिटरांत विरून जातो. माझ्या पाच टाक्यांची बेरीज १,९९८ किलोमीटर आणि १३१.४ लिटर आली, म्हणजे १५.२. सुट्या टाक्या मात्र १४.३ पासून १६.१ पर्यंत फिरत होत्या. एकच टाकी मोजली असती तर मी एक तर घाबरलो असतो, नाही तर निर्धास्त झालो असतो.

डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा असेल तर तो तुलनेपुरता ठीक. तो बहुधा थोडा जास्तच दाखवतो.

पंपावर माप कमी मिळतंय अशी शंका पुष्कळांना असते. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ते मागून तपासून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर इधर-उधर चालतं, म्हणजे अर्धा टक्का. माझं अ‍ॅव्हरेज १८ टक्क्यांनी पडलं होतं. माप बरोबर निघाल्यावर तो विषय मी तिथेच सोडला.

आता किलोमीटर. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर मोठा घेतला की फेरे कमी होतात, किलोमीटर कमी दिसतात आणि अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं. १५५/८० आर १३ च्या जागी १६५/८० आर १३ टाकला तर चाकाचा व्यास ५७८ मिलिमीटरवरून ५९४ वर जातो, म्हणजे पावणेतीन टक्के. १८ चा आकडा साडेसतरा दिसेल आणि पेट्रोल मात्र थेंबभरही जास्त जळलेलं नसेल. माप तेच ठेवून नुसते नवे टायर टाकले तरी थोडं असंच होतं. झिजून दोन मिलिमीटरवर आलेल्या नक्षीच्या जागी आठ मिलिमीटरची आली की व्यास बारा मिलिमीटरने वाढतो. हे झाले दोन टक्के. वर नव्या जाड रबराला लोळवायला जोरही जास्त लागतो. ‘टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज गेलं’ ही तक्रार म्हणूनच खरी असते, पण त्यात गाडीचा दोष नसतो. मोबाइलच्या जीपीएसवर तीस-चाळीस किलोमीटरचा पट्टा मोजून ओडोमीटरशी ताडून पाहा. बीड ते गेवराई हा माझा पट्टा. दोन टक्क्यांचा फरक मला तिथेच सापडला.

तुलना कशाशी करताय?

गाडी घेताना सांगितलेला २२-२४ चा आकडा विसरा. तो प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरवून दिलेल्या चालीने, ९० च्या वर न जाता काढलेला असतो. तिथे मांजरसुंब्याचा घाट नसतो आणि मे महिन्याची दुपारही नसते. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी, आणि तीही त्याच मोसमातल्या, त्याच रस्त्यावरच्या.

मोसमाचा फरक आपल्याकडे मोठा पडतो. पारा बेचाळीसवर असताना छोट्या इंजिनावर एसीचा भार चांगलाच जाणवतो, त्यातही गावातल्या थांबत-थांबत चालण्यात. माझ्या वहीत मे महिन्याचा आकडा डिसेंबरपेक्षा दरवर्षी दीड-दोनने कमी आहे. मे ची तुलना डिसेंबरशी केली तर गाडी दरवर्षी आजारी पडली असंच वाटेल. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर येतात. त्यांच्यामागे तिसऱ्या गिअरवर रांगायचं, जागा मिळाली की दामटून पुढे काढायचं आणि पुन्हा पुढच्या ट्रॅक्टरमागे लागायचं. साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे महिने वेगळे धरावेत.

वेगाचंही तसंच आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नव्वदच्या जागी एकशेवीसने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. जालन्याहून किंवा संभाजीनगरहून समृद्धीवर चढणारी छोटी गाडी लागलीच बारा-तेरावर येते ती यामुळेच. माझ्या शेजाऱ्यांनी गाडी गॅरेजला टाकायची तयारी केली होती. विचारल्यावर कळलं की त्या दोन महिन्यांत त्यांच्या नागपूरच्या चार फेऱ्या समृद्धीवरून झाल्या होत्या. गाडीत काही बिघाड नव्हता.

घरात गाडी दुसरं कुणी चालवायला लागलं का, शिकवणीला सोडायच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या वाढल्या का, डिकीत गावाकडून आणलेलं ज्वारीचं पोतं तसंच पडून आहे का, टपावर कॅरियर बसवलंय का, हेही स्वतःला विचारा. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन गरमच होत नाही, आणि थंड इंजिन जास्त पितं. कॅरियरला हवेचा अडथळा लागतो, ते रिकामं असलं तरी.

इथेनॉलचा वाटा किती

हा प्रश्न हल्ली सगळ्यात आधी येतो, म्हणून नीट मांडतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण २०२२ मध्ये देशभर सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे मिश्रण दहावरून वीस टक्क्यांवर गेलं की लिटरमागे तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी झाली. सरकारने २०२५ मध्ये दिलेला अंदाजही याच आसपासचा आहे: ई-२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के घट, इतरांत तीन ते सहा टक्के.

१८ देणारी जुनी गाडी यामुळे सव्वासतरा-साडेसतरावर आली तर ते समजू शकतं. पंधरावर आली असेल तर उरलेलं कारण गाडीतच आहे. त्या काळात आमच्याकडे जो तो ‘सगळं इथेनॉलमुळे’ म्हणत होता, आणि मीही सहा महिने तेच धरून बसलो. इथेनॉलचा वाटा खरा आहे, पण त्यापलीकडचा आकडाही मोजायला हवा.

घट कधीपासून सुरू झाली?

या सगळ्या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी पायरी ही. अ‍ॅव्हरेज महिन्यामहिन्याने हळूहळू उतरलं की एका टाकीपासून एकदम पडलं? हळूहळू उतरलं असेल तर झिजणाऱ्या गोष्टी बघायच्या: प्लग, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून कंप्युटरला कळवणारा), टायरची हवा. एकदम पडलं असेल तर त्याआधीच्या पंधरा दिवसांत गाडीला काय केलं ते आठवायचं. टायर, अलाइनमेंट, ऑइल, ब्रेकचं काम, बॅटरी, काहीही. बिलं शोधा, फोन-पेच्या नोंदी बघा.

माझ्याकडे पेट्रोलच्या नोंदी होत्या, पण दुरुस्तीच्या नव्हत्या. त्या मी जुन्या व्यवहारांवरून एका कागदावर तारखेनुसार मांडल्या आणि दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. घट दोन टप्प्यांत झालेली स्पष्ट दिसली. एक टप्पा मे-अखेरीस, दुसरा ऑगस्टमध्ये. मे महिन्यात गाडी पाडळसिंगीजवळ तापली होती आणि रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये तिचं काम करून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये मागच्या ब्रेकचे लायनर बदलले होते. प्लग आणि फिल्टरवर पैसे घालवण्याआधी हा अर्ध्या तासाचा उद्योग केला असता तर बरं झालं असतं.

घरच्या घरी: हवा आणि चाकं

टायरची हवा थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्याआधी मोजायची. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा दोन-चार पीएसआयने वाढलेला दिसतो. उन्हाळ्यात त्याहून जास्त. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्याला ‘किती टाकू?’ विचारू देऊ नका, आकडा तुम्ही सांगा. एक-एक पीएसआयने अ‍ॅव्हरेजवर फार परिणाम होत नाही, पण चारही चाकांत आठ-दहाने कमी असेल तर दोनेक टक्के तिथेच जातात, आणि टायरच्या कडा झिजतात त्या वेगळ्या. एकच चाक वारंवार उतरत असेल तर वॉल्ववर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. हातातला गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो. घेऊन ठेवा.

चाक अडकतंय का ते बघायला सोपी परीक्षा आहे. सपाट फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि एकट्याने ढकला. आठशे किलोच्या आसपासची गाडी एका धडधाकट माणसाला सरकवता आलीच पाहिजे, आणि सरकल्यावर ती जरा पुढे जाऊन थांबली पाहिजे. लगेच जागेवर बसली तर कुठे तरी ब्रेक धरतोय.

कुठला धरतोय ते शोधायला दहा-बारा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालवा. शेवटी ब्रेक फारसा न दाबता गाडी हळूहळू थांबवा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या. हात लावू नका, धग किती येते तेवढंच जोखा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतात, ते साहजिक आहे. तुलना डाव्या-उजव्याची करायची. माझ्या मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता आणि उजवं नुसतं कोमट होतं.

मग जॅक. जमीन सपाट आणि पक्की हवी, काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो. मागचं चाक उचलताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडा. जॅकवरच्या गाडीखाली कुठल्याही कारणाने शिरू नका. चाक हाताने फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालतो, पण चाक दोन-तीन फेरे आपसूक घ्यायला हवं. एकदा फिरवून झालं की कुणाला तरी ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. हँडब्रेकही ओढून सोडा आणि पुन्हा फिरवा. अडकलेला ब्रेक पुष्कळदा आधी मोकळा वाटतो आणि दाबून सोडल्यावरच धरून बसतो. पुढच्या चाकांसाठी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. तिथे गिअरबॉक्सही सोबत फिरत असल्याने चाक थोडं जड फिरतं, त्याने घाबरू नका.

माझ्या गाडीत लायनर बदलताना हँडब्रेकची केबल जास्त कसली गेली होती आणि डाव्या बाजूला ती आतून गंजलेली होती. ओढली की ताणली जायची, सोडली तरी पूर्ण परत येत नव्हती. पुढच्या चाकांत हाच प्रकार कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना सुकल्या की होतो. धूळ आणि चिखल रबरी टोपीतून आत गेला की ग्रीस संपतं. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

अलाइनमेंटसाठी टायरवर तळहात फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर चाक वाकडं धावतंय, म्हणजे रस्ताभर घासतंय. गाडी एका बाजूला ओढत नसली तरीही.

इंजिन थंडच राहतंय का

आता मे महिन्यातल्या कामाकडे येतो. गाडी तापली, कारण रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. मिस्त्रीने पंखा दुरुस्त केला आणि जाता-जाता थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकला. ‘सर, आपल्याकडच्या उन्हात हा वॉल्व ठेवायचाच नाही. पाणी सारखं फिरत राहिलं की गाडी तापतच नाही,’ असं तो म्हणाला. त्याने ते चांगल्या मनानेच केलं आणि मलाही ते पटलं. मराठवाड्यात कितीतरी गाड्यांतून हा वॉल्व असाच काढलेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

या वॉल्वचं काम काय, ते समजून घ्या. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. ८०-९० अंशांच्या मधे कुठे तरी तो उघडतो आणि पुढे तापमान तिथेच धरून ठेवतो. तो काढला, किंवा उघडा अडकला, तर हायवेवर वारा लागून इंजिन साठ-पासष्टवरच राहतं. गाडीच्या कंप्युटरला वाटतं इंजिन अजून गरम व्हायचंय, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. चालवणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही, उलट गाडी तापत नाही म्हणून बरं वाटतं. आजकालच्या छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाही नसतो. एक निळा दिवा असतो, आणि तो इंजिन पुरतं गरम होण्याच्या बराच आधी विझतो.

तपासायचं असं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा जाड रबरी पाईप अधूनमधून हाताने बघा. वॉल्व शाबूत असेल तर पाईप बरीच मिनिटं थंड राहतो आणि मग थोड्या वेळात चटका बसेल इतका गरम होतो. सुरुवातीपासून इंजिनासोबत हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल्व नाही किंवा उघडा आहे. काही इंजिनांत वॉल्व खालच्या पाईपाकडे असतो, मग हीच परीक्षा त्या पाईपावर. पंखा मधेच आपोआप सुरू होतो, बोटं आणि ओढणी-उपरणं दूर ठेवा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका.

नवा वॉल्व साध्या छोट्या गाडीला काही शे रुपयांत येतो. तो बसवताना रेडिएटरमधलं पाणी काढावं लागतं, तेव्हा आत काय निघतं ते बघा. माझ्यात बोअरचं पाणी होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. हीटरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो, आणि मग गाडी खरोखरच तापायला लागते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच घाला. वॉल्व पुन्हा बसवल्यावर गाडी तापली तर दोष पंख्यात, रेडिएटरात, झाकणात किंवा वॉटर पंपात आहे. तो शोधून दुरुस्त करायचा, वॉल्व काढायचा नाही.

स्कॅनरने काय बघायचं

२०१७ नंतरच्या सगळ्याच आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीची, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला स्कॅनर जोडायची, जागा असते. तिथे लावायचा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर पाचशे ते हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर आकडे दाखवतो. चार मित्रांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. थकलेला ऑक्सिजन सेन्सर दिवा न लावताही पेट्रोल वाया घालवतो. स्कॅनरवर पहिला आकडा बघा कूलंटच्या तापमानाचा. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर हायवेच्या वेगाला तो ८० च्या वर स्थिर हवा. माझ्याकडे डिसेंबरच्या सकाळी ६२ ते ६६ दाखवत होता. दुसरा आकडा लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा. कंप्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते हा सांगतो. शून्याच्या दोन्ही बाजूंना पाचपर्यंत निवांत राहा, दहाच्या पलीकडे गेला तर शोध घ्या. अधिक दहा-पंधरा असेल तर कंप्युटरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतंय, म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत येतेय, पंपाचा दाब कमी आहे किंवा सेन्सर चुकीचं सांगतोय. उणे असेल तर पेट्रोल जास्त होतंय: इंजेक्टर ठिबकतोय किंवा टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा वॉल्व उघडाच राहिलाय. ई-२० मुळेही जुन्या गाडीत हा आकडा थोडा अधिककडे सरकतो, हे ध्यानात ठेवा.

शेतात किंवा गोठ्याजवळ उभी राहणारी गाडी असेल तर बॉनेट उघडून वायरी आणि रबरी नळ्या आधी बघा. सुगीनंतर उंदीर इंजिनाच्या उबेला येतात. त्यांनी कुरतडलेली बोटभर नळीसुद्धा हवा आत ओढते आणि वरचा सगळा हिशोब बिघडवते.

उरलेलं, थोडक्यात

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. छोट्या गाड्यांना बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, आणि ‘उन्हाळा आहे’ म्हणून त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० ओतलं जातं. त्याने एक-दोन टक्के जातात. डबा स्वतः बघून घ्या.

प्लग काढले तर टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी-राखाडी चांगला, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, ओलसर तेलकट म्हणजे इंजिनाचं ऑइल वर येतंय. किलोमीटर भरले असतील तर बदला.

एअर फिल्टरबद्दल माझं मत गॅरेजवाल्यांपेक्षा वेगळं आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोंदलेला फिल्टर अ‍ॅव्हरेज खायचा. इंजेक्शनच्या गाडीत कंप्युटर हवेच्या मापात पेट्रोल सोडतो, त्यामुळे गाडीचा जोर कमी होतो पण अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची धूळ आहे म्हणून फिल्टर वेळेआधी बदलावाच, पण इंजिन वाचावं म्हणून. चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, ‘अ‍ॅव्हरेज वाढवणारी’ यंत्रं यांवर एक रुपयाही घालू नका.

क्लच घसरतोय का, ते चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपलीय. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी गळती शोधा, त्यात जिवाला धोका आहे.

एका वेळी एकच दुरुस्ती

दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. मी आधी थर्मोस्टॅट बसवला आणि तीन टाक्या मोजल्या: १५.२ वरून १६.३. मग हँडब्रेकची केबल बदलून पुन्हा तीन टाक्या: १७.४. जुन्या १८.६ पासून हे अजून साडेसहा टक्के कमी. त्यातले दोन नव्या टायरमुळे ओडोमीटरने गिळलेले, आणि चारेक इथेनॉलचे, कारण २०२१ साली पेट्रोलमध्ये ते आठेक टक्केच होतं. हिशोब जुळला तिथे मी शोध थांबवला.

तुमचा एवढं करूनही जुळला नाही तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासायला सांगा आणि सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे का ते विचारा. जाताना पाच टाक्यांचे आकडे, दुरुस्त्यांच्या तारखा आणि फ्युएल ट्रिमचे आकडे एका कागदावर लिहून न्या. ‘अ‍ॅव्हरेज देईना’ एवढंच सांगितलं तर मिस्त्री प्लग आणि फिल्टरपासून सुरुवात करतो. कागद बघितला की तोही नेमक्या जागी हात घालतो.